चाकोरीतली जीप

जीपला बैल जुंपलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि तेही माझ्याच दारात.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. जालन्यात मस्तगडाला माझं वर्कशॉप होतं. वर्कशॉप हा शब्द मोठा झाला. चार पत्रे, एक लिंबाचं झाड, त्याच्या जाड फांदीला टांगलेली साखळी, आणि उतरून गाडीचं पोट बघायला खणलेला एक खड्डा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी नगरच्या लष्करी वर्कशॉपात पाच वर्षं पाने फिरवले होते. लढाई संपली, फौजेच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या आणि बघता बघता आमच्या भागात पसरल्या. डिस्पोजलची गाडी म्हणायचे त्यांना. कुणा जमीनदारानं घेतली, कुणा जिनिंगवाल्यानं घेतली. चालवणारे पुष्कळ होते, पण तिच्या पोटात काय आहे हे ठाऊक असलेला माणूस आसपास मी एकटाच. त्यामुळे माझी मिजास फार होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

गिऱ्हाइकंही एकेक नग. वडीगोद्रीच्या एका गृहस्थांनी जीप बुटकी करून मागितली. त्यांच्या आईला वर चढता येत नव्हतं. मी म्हटलं, "चढायला एक पाट ठेवा गाडीत." आठ दिवसांनी तेच हजर. म्हणाले, "मिस्तरी, पाट चोरीला गेला. गाडीच खाली करा." गाडी बुटकी करायची म्हणजे तिची ताकदच काढून घ्यायची, असं समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी मागच्या बाजूला लोखंडी पायरी जोडून दिली. आईसाहेब पायरीवर पाय ठेवून बसल्या आणि खूश झाल्या.

पण सांगायचं आहे ते अनसूयाबाईंचं.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी मस्तगडात एकदम गलका झाला म्हणून बाहेर आलो. पांढऱ्या बैलांची तगडी जोडी जीप ओढत येत होती. स्टिअरिंगवर एक तरुण गडी मान खाली घालून बसलेला. त्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली चाळिशीची बाई ताठ बसलेली, जशी काही रथात बसली आहे. बैलांच्या पुढं कासरा धरून चालणारे फेटेवाले गृहस्थ मात्र मजेत होते. जमलेल्या लोकांकडं बघत ते मोठ्यानं म्हणाले,

"घ्या मिस्तरी! ही गाडी पेट्रोलवर चालत न्हाई. कडब्यावर चालती."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, बैल सोडा अन् आधी पाणी पाजा. तीन दिवस चालून राह्यले बिचारे."

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून तीन दिवस चालत ही वरात आली होती. बाई म्हणजे अनसूयाबाई. नवरा वारलेला, शेती स्वतः बघायच्या. स्टिअरिंगवरचा गडी सोपान, त्यांचा धाकटा भाऊ. आणि फेटेवाले भगवानराव पाटील, नवऱ्याच्या भावकीतले. बैल त्यांचे.

खड्ड्यात उतरून पाहिलं, तर पुढचा डावा पाटा तुटला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीचं अंग चाकांवर सरळ टेकलेलं नसतं. मध्ये पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, धनुष्यासारखा वाकलेला, सर्वात लांब पट्टी वर आणि तिच्याखाली एकीपेक्षा एक आखूड. हे पाटे. दोन चाकांना जोडणारा जो जाड आडवा दांडा, तो ॲक्सल. पाटे आणि ॲक्सल जिथं भेटतात तिथं त्यांना घट्ट आवळलेलं असतं. खड्डा आला की पाटे दबतात आणि माणसाचं कंबरडं वाचतं.

"दोन दिवसांत पाटा बदलून देतो," मी म्हणालो.

"पाटा बदलायला न्हाई आले मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "तो तर बदलाच. पण ही गाडी चाकोरीतून चालली पाहिजे. पावसाळ्यात. लोड घेऊन."

असं म्हणून त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला तीन गाठी मारलेल्या. "ह्या गाठीपासून ह्या गाठीपर्यंत दोन चाकोऱ्यांमधलं अंतर. अन् इथून इथपर्यंत चाकोरीची खोली. आमच्या रस्त्यावर सात ठिकाणी मोजलं. जास्तीत जास्त जे आलं ते धरलंय."

मी त्या सुतळीकडं बघत राहिलो. पाच वर्षं फौजेत काढली, पण इतकं सरळ काम सांगणारा साहेब मला भेटला नव्हता.

अडचण अशी होती. काळ्या रानातली वाट म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांनी कापलेल्या दोन खोल चाऱ्या. जीप बैलगाडीपेक्षा अरुंद. एक चाक चाकोरीत गेलं की दुसरं मधल्या उंचवट्यावर चढायचं आणि गाडी कलंडायची. बळंच दोन्ही चाकं चाकोरीत घातली, तर ॲक्सलवर जो मडक्याएवढा गोळा असतो, ज्याच्या आत दातेरी चक्रं असतात, तो उंचवट्यावर टेकायचा. मग चाकं नुसती गरगर फिरायची आणि गाडी पोटावर बसून राहायची. धावड्याहून भोकरदन आठेक कोस. गेल्या पावसाळ्यात अनसूयाबाईंची जीप दर खेपेला कुठं ना कुठं अशी बसली होती आणि दर खेपेला भगवानरावांच्या बैलांनी ती ओढून काढली होती. गावात त्यांनी त्याचे किस्से करून ठेवले होते.

बाई सोपानबरोबर जेवायला गेल्या. भगवानराव लिंबाखाली बैलांच्या अंगावरून हात फिरवत बसले होते. मी सहज विचारलं, "पाटील, बाईंना इतकी हौस कशाची गाडीची?"

त्यांचा चेहरा उतरला.

"हौस न्हाई ती," ते म्हणाले. "दोन वर्षांमागं तिच्या मालकाच्या पोटात दुखायला लागलं. श्रावण होता. माझ्याच गाडीत घातलं, हेच बैल. ओढ्याच्या अलीकडं गाडी आसापर्यंत रुतली. बैलांनी जीव टाकला, पण हलंना. चार घंटे. भोकरदनला पोचलो तवा डॉक्टर म्हणला, सकाळी आणलं असतं तर." बैलाच्या पाठीवरचा हात थांबला. "मी गाडीवर हसतो, मिस्तरी. काय करू? बैल कमी पडले असं कुण्या तोंडानं म्हणू?"

त्या दिवसापासून ते काम माझ्यासाठी निराळं झालं.

काम तीन भागांत करायचं ठरवलं. गोळा जमिनीपासून वर न्यायचा तर टायरच मोठे पाहिजेत, दुसरा उपाय नाही. फौजेच्या मालवाहू गाडीचे टायर डिस्पोजलमध्ये मिळत. चाक तेवढंच, टायर मात्र टोपलीसारखा जाडजूड. पण मोठा टायर मडगार्डला घासणार. म्हणून गाडीचं अंग वर उचलायचं. या जीपचे पाटे ॲक्सलच्या खालून बांधलेले असतात. ते मी ॲक्सलच्या वर घ्यायचं ठरवलं. एवढ्यानं गाडी पाच-साडेपाच इंच उंच होते. आणि तिसरं, ज्यांवर टायर चढतो त्या चाकांच्या लोखंडी वाट्या उलट्या फिरवून बसवायच्या, म्हणजे चाकं बाहेरच्या अंगाला सरकतात आणि सुतळीवरच्या पहिल्या मापाला जुळतात.

पाट्यांचं काम नामदेव लोहाराकडं. त्याची भट्टी माझ्या पत्र्याला लागून होती. पोलाद किती लाल झाल्यावर तेलात बुडवायचं, मग पुन्हा किती तापवायचं, हे तो रंगावरून ओळखायचा. कच्चं राहिलं तर पाटा बसतो, कडक झालं तर काचेसारखा तुटतो. त्याला विचारलं कसं कळतं, तर म्हणायचा, "पिकल्या जांभळासारखा रंग आला की कळतं." त्यानं नवे पाटे केले आणि पुढच्या बाजूला एकेक पट्टी जास्तीची घातली.

टायरांवर मी मेहनत घेतली. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि चाकाचा गुळगुळीत गोटा होतो. म्हणून मोच्याकडून रापी आणली आणि साबणाच्या पाण्यात बुडवून बुडवून एकाआड एक रबराची गाठ कापून काढली. खाचा रुंद झाल्या की चिखल चाकाच्या फिरण्यानंच फेकला जातो. चार टायरांना चार दिवस लागले. तळहाताला फोड आले, पण टायर असे दिसायला लागले की बघतच राहावं.

सगळं जोडून गाडी खड्ड्यावरून बाहेर काढली. मस्तगडातले लोक बघायला आले. उंटासारखी उभी होती. मी कमरेवर हात ठेवून फिरत होतो. नामदेव मात्र वाकून पुढच्या बाजूला बघत बसला होता.

"दत्तू," तो म्हणाला, "ह्यो स्टिअरिंगकडून येणारा दांडा लई तिरपा दिसून राह्यला रे. आधी सपाट होता."

आता खरं सांगतो. तो दांडा तिरपा झालाय हे मलाही दिसलं होतं. अंग वर गेलं, ॲक्सल खालीच राहिला, मग दोघांना जोडणारा दांडा तिरपा होणारच. मनात शंका आली होती. पण एवढे लोक बघत असताना लोहारानं मला स्टिअरिंग शिकवावं?

"तू लोखंड बघ," मी म्हणालो. "स्टिअरिंगचं मी बघतो."

अनसूयाबाई सोपानला घेऊन गाडी न्यायला आल्या; भगवानराव बैलांसह आधीच गावी परतले होते. बाईंनी सुतळी काढली, मोजलं, मान हलवली. मी म्हणालो, भोकरदनच्या वाटेवर राजूरपर्यंत मी स्वतः बरोबर येतो. सोपान चालवत होता, बाई शेजारी, मी मागं. शहर सुटेपर्यंत गाडी छान चालली. पुढं रस्ता मोकळा मिळाला, सोपाननं वेग घेतला आणि एका खडबडीत जागेवर गाडीचं तोंड थरथरायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की स्टिअरिंग सोपानच्या हातात अंगात आल्यासारखं घुमायला लागलं. पुढची दोन्ही चाकं नकार दिल्यासारखी डावी-उजवी मान हलवत होती. "ब्रेक! ब्रेक!" मी ओरडलो. तेवढ्यात एक खड्डा आला, पाटे दबले आणि गाडी आपल्या आपण रस्ता सोडून नांगरलेल्या रानात घुसली. बांधाला धडकून थांबली.

सोपानचा ओठ फुटला. अनसूयाबाईंचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं आणि टरारून टेंगूळ आलं. त्या शांतपणे उतरल्या, बांधावर बसल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"मिस्तरी, तुमाला ठाऊक होतं का असं होईल?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. "बरं. मंग आता शोधा." एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. जालन्याकडून येणारी मोटार थांबवून त्या भोकरदनकडं गेल्या. सोपान आणि गाडी माझ्याकडं ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आषाढ लागायला महिना हाय."

परत आल्यावर आधी नामदेवपुढं जाऊन उभा राहिलो. "तुझं बराबर होतं," म्हणालो. तो ऐरणीवरून न उठता म्हणाला, "चहा सांग मंग."

पुढचे पंधरा दिवस मी जे शिकलो ते पाच वर्षांच्या नोकरीत शिकलो नव्हतो. दोन दोष होते. एक तो तिरपा दांडा. पाटा दबला की तो दांडा चाकाला ढकलायचा आणि गाडी स्वतःच वळायची. दुसरा दोष थरथरण्याचा. सायकलचा पुढचा चिमटा नीट बघा. तो सरळ उभा नसतो, तिरका असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच थोडा तिरकेपणा दिलेला असतो. मी पाटे वर घेताना ॲक्सल किंचित फिरला आणि तो तिरकेपणा गेला. त्यात मोठे टायर, त्यात उलट्या वाट्या. चाकांना सरळ जायची आठवणच राहिली नाही.

हे कळलं, पण उपाय सुचेना. ॲक्सल पुन्हा फिरवायचा कसा? मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. तिसऱ्या दिवशी नामदेवकडं एक जण कुऱ्हाड घेऊन आला. दांडा ढिला झाला होता. नामदेवनं बोलता बोलता त्यात एक पाचर ठोकली, दांडा घट्ट बसला आणि नेमका थोडा कलला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पाचर!" मी म्हणालो.

"किती जाडीची?" तो म्हणाला.

ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवायची, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. पहिली फार जाड झाली, स्टिअरिंग दगडासारखं जड. दुसरी पातळ झाली, थोडी थरथर राहिली. पाचवी पाचर बराबर बसली. मग तिरप्या दांड्याचं बघितलं. स्टिअरिंगमधून खाली येणारा जो लोखंडी हात असतो, तो नामदेवनं तापवून खाली वाकवला, म्हणजे दांडा पुन्हा सपाट आला. हा हात तुटला तर गाडीतल्या कुणाचंच खरं नाही. म्हणून तो शिकंज्यात आवळून त्यावर पहार अडकवली आणि पहारीच्या टोकावर मी, सोपान आणि नामदेव तिघं एकदम उभे राहून नाचलो. मस्तगडातल्या बायका बघून गेल्या. हात हलला नाही.

या वेळी गाडी रिकामी पळवली नाही. दगडांची पोती भरली आणि राजूरच्या त्याच खडबडीत जागेवरून दहा वेळा नेली. शेवटच्या खेपेला सोपाननं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून विडी पेटवली. मी त्याला शिव्या घातल्या, पण आतून गार वाटलं.

आषाढाच्या आधी सोपान गाडी घेऊन गावी गेला आणि श्रावणात अनसूयाबाईंचा निरोप आला. "चिखल झालाय. गाडी कशी चालती ते डोळ्यांनी बघायला या." मी धावड्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा घेत होतो, तेव्हा एक माणूस धावत आला. शिवेवर भगवानरावांची गाडी उलटली. सरकीची पोती आणत होते, एक चाक चाकोरीतून उचललं गेलं आणि गाडी त्यांच्या अंगावर आली. मांडीचं हाड मोडलं होतं. गावातल्या जाणत्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात टेकले. "पाय गार पडून राह्यला. जालन्याला न्या."

अनसूयाबाईंनी सोपानला जीप काढायची खूण केली. मी जीपची उजवीकडची सीट काढली. या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं असायचं, त्यामुळे उजवी बाजू लांबीला मोकळी झाली. फळी टाकली, वर गादी, त्यावर पाटील. अनसूयाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसल्या. मी बाहेरच्या बाजूला काच धरून उभा.

"माझे बैल मागं येऊ द्या," पाटील दात दाबून म्हणाले. "लागतील."

"येऊ द्या," बाई म्हणाल्या.

चिखलात पकड यावी म्हणून टायरांतली निम्मी हवा मी आधीच सोडली होती. सोपाननं दोन्ही चाकं चाकोरीत घातली. चिखल टायरांमधून असा उडत होता की मागचं दिसेना. मी वाकून सारखा पुढच्या गोळ्याकडं बघत होतो. उंचवट्याचं गवत त्याला घासत होतं, पण तो टेकत नव्हता. एक कोस गेला, दोन कोस गेले. बैल कधीच मागं पडले.

ओढ्याला मांडीभर पाणी होतं. मी उतरून इंजिनच्या पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर पंखा पाणी उडवून इंजिन बंद पाडतो. गाडी हळूहळू पाण्यातून गेली. त्या जागी अनसूयाबाईंनी डोळे मिटले होते. पाटलांनी मात्र उघडे ठेवले होते. पलीकडची चढण ती पहिल्या गियरमध्ये घुमत घुमत चढली आणि वर येताच पुढून 'खट्ट' आवाज आला. गाडी एका बाजूला ओढायला लागली.

खाली वाकून पाहिलं. उजव्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला होता. हा बोटाएवढा बोल्ट पाट्यांना ॲक्सलवर जागच्या जागी धरून ठेवतो. तो गेल्यामुळे ॲक्सल एका बाजूनं मागं सरकला होता. दुसरा बोल्ट जवळ नव्हता. सगळे सुटे भाग मी आणले होते, हाच तेवढा नव्हता.

पहारीनं ॲक्सल पुढं रेटला आणि आवळला. पण पुढच्या खड्ड्याला तो पुन्हा सरकणार. त्याला पुढच्या बाजूनं ताणून धरायला काहीतरी पाहिजे होतं. या खटपटीत बराच वेळ गेला होता; तेवढ्यात मागं पडलेले भगवानरावांचे बैल ओढ्यातून वर आले. ते हाकत आलेल्या गड्याच्या गळ्यात नाड्याचं वेटोळं होतं, मनगटाएवढा जाड दोर. मी तो घेतला, ॲक्सलला बांधून पुढच्या बंपरला आवळला आणि मध्ये काठी घालून पीळ दिला. इतका पीळ दिला की दोर तारेसारखा वाजायला लागला. काठी तिथंच बांधून टाकली आणि पंख्याचा पट्टा पुन्हा चढवला.

पाटील पडल्या पडल्या बघत होते. वेदनेनं चेहरा पांढरा झाला होता, तरी म्हणाले, "बघा वयनी. शेवटी बैलांचाच दोर लागला."

"दोर लागला," अनसूयाबाई म्हणाल्या. "बैल न्हाई लागले. गप पडा आता."

पाटील हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेना. बाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. दोघांनाही कोणता श्रावण आठवत होता हे मला ठाऊक होतं. मी काठीचा पीळ पुन्हा एकदा तपासत बसलो.

दुपार व्हायच्या आत भोकरदन आलं. तिथं लोहाराकडून एक बोल्ट घेऊन ठोकला आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी जालन्याच्या दवाखान्यात पोहोचलो. पाय वाचला. दोन बोटं आखूड राहिला, एवढंच.

दवाखान्याच्या ओट्यावर अनसूयाबाई बसल्या होत्या. चिखलानं माखलेल्या. मला राहवेना.

"बाई, त्या दिवशी राजूरच्या रस्त्यावर मी खोटं बोललो. दांडा तिरपा हाय, हे मला आधीच दिसलं होतं. तुमाला काही झालं असतं तर..."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमी 'न्हाई' म्हणले ना, तवा तुमचं तोंडच सांगून राह्यलं होतं."

"मंग गाडी माझ्याकडंच का ठेवली?"

"ज्याला आपली चूक दिसली त्यालाच ती लवकर सापडंल, म्हणून." मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "टेंगूळ मात्र लई दिवस होतं."

त्या जीपनं पुढं कितीतरी पावसाळे काढले. बाळंतिणी नेल्या, मास्तर नेले, एकदा एक अख्खं भजनी मंडळ मृदंगासकट नेलं. तिला बघून आसपासची माणसं आपापल्या जीपा घेऊन यायला लागली. काहींना नुसती शान पाहिजे असायची. "धावड्याच्या बाईच्या गाडीपेक्षा एक इंच उंच करा," म्हणायचे. त्यातल्या दोघातिघांच्या गाड्या मी केल्या, त्याचं अजून वाईट वाटतं. उंच गाडी वळणावर कलंडते, हे सांगितलं तरी ते ऐकायचे नाहीत. एकाची कलंडलीही. माणूस वाचला, पण त्यानंतर गरज नसलेल्याची गाडी मी उचलली नाही.

आणि तरी, माझं सर्वात आवडतं काम जीपचं नाही.

दिवाळीनंतर भगवानराव काठी टेकत वर्कशॉपात आले. लिंबाखाली बसले, पाय लांब केला. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मग हळूच म्हणाले,

"मिस्तरी, जीपचे पाय माझ्या गाडीला लावता येतील का?"

आधी मला कळेना. मग कळलं आणि मी एकदम उठून उभा राहिलो. लष्करी ट्रेलरचा एक ॲक्सल माझ्याकडं गंजत पडला होता. नामदेव आणि मी आठ दिवस त्यामागं लागलो. जुनी लाकडी चाकं काढली, सुताराकडून साटा, म्हणजे पोती ठेवायची लाकडी चौकट, दुरुस्त करून घेतला, खाली तो ॲक्सल आणि त्याला दोन रबरी टायर. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं आणि चाक बोटानं फिरवून पाहिलं. कितीतरी वेळ फिरत राहिलं.

सरकीची पोती भरली, नेहमीपेक्षा दीडपट. बैल जुंपले. पाटील गाडीच्या पुढच्या टोकाला धुरेवर बसले आणि त्यांनी नुसतं 'हं' केलं. बैलांनी सवयीनं माना खाली घातल्या, खांद्याला जोर लावला आणि गाडी सुळकन पुढं आली. लाकडी चाकाचा करकर आवाज नाही, आसाची कुरकुर नाही. दहा पावलं चालले आणि दोन्ही बैल थांबले.

"हाल ना रे!" पाटलांनी शेपटी पिरगाळली. बैल हलेनात. डावीकडच्या बैलानं मान वळवून मागं पाहिलं. मग उजवीकडच्यानंही पाहिलं.

"काय झालं यांना?" मी विचारलं.

भगवानरावांनी बैलांकडं पाहिलं. मग काठी टेकत खाली उतरले, पुढं गेले आणि दोघांच्या कपाळांवर हात ठेवला.

"यांना वाटून राह्यलं, गाडी मागंच राहिली," ते म्हणाले. "हाय रे हाय. गाडी संगंच हाय. चला."

त्यांनी कासरा हातात घेतला आणि आखूड पायानं लंगडत बैलांच्या पुढं चालायला लागले. बैल त्यांच्या मागं निघाले, आणि दीडपट भरलेली गाडी बिलकुल आवाज न करता त्या तिघांच्या मागं चालू लागली.